पिंपळखारच्या भिंतीवरची खाजणी

ब्रश धुतला की ती तो कानावर खोचते. ओला असला तरी. तिच्या डाव्या कानामागे कायम कुठला ना कुठला रंग असतो.

बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. हातांकडे बघते.

फेरीबोटीचा भोंगा वाजला की उत्तर देते. "हो, ऐकलं."

चहाला नाही म्हणत नाही. अर्धा पिऊन विसरते.

खोटं बोलायचं असेल तर आधी सांगते. "आता मी एक खोटं बोलणार आहे." मग बोलते. लोक तरीही विश्वास ठेवतात.

होडीवर नाव घालताना शेवटचं अक्षर नुसतं रेषेने काढून ठेवते. मालकाने नारळ फोडला की मगच आत रंग भरते. हा रिवाज तिच्या वडिलांचा, आणि तो फक्त होड्यांपुरता होता. ती तो सगळीकडे पाळते. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या सुविचारावर, पाण्याच्या टाकीवर. नागावच्या एका होमस्टेवाल्याने नारळ फोडायला नकार दिला. म्हणाला, मी असलं मानत नाही. त्याच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर आजही पोकळ आहे.

ही सुचिताताई. वय छत्तीस. होड्या रंगवते, होड्यांवर नावं घालते. आगरदांड्याच्या जेट्टीकडे जाताना आमचं पिंपळखार लागतं. तिथे तिचं घर आहे आणि आमचंही. तिचे वडील अंबाजीकाका हेच काम करायचे. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा तिने ब्रश घेतला. बाईने घातलेलं नाव होडीला चालेल का, असं लोक विचारायचे. ती म्हणायची, बुडाली तर या सांगायला.

एकही बुडाली नाही.

पण मला सांगायचंय ते खाजणीबद्दल.

खाडीच्या काठाला जिथे तिवरं वाढतात, त्या चिखलाला आमच्याकडे खाजण म्हणतात. खाजणी तिथे राहते. तिचं वय सांगितलेलं नाही. गुडघाभर चिखलात ती आवाज न करता धावते. सुचिताताईने गेल्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर नऊ चित्रकथा काढल्या होत्या. आधी चित्रकलेच्या वहीत, मग मुरूडला झेरॉक्स, मग दोन पिना. जेट्टीवरच्या सरबताच्या गाडीला एक दोरी आहे. तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावून ही पुस्तकं टांगलेली असतात.

पहिलं मी वाचलं तेव्हा चौदा वर्षांची होते. दिघीला मामाकडे निघाले होते. पहिल्या पुस्तकात खाजणी एका बुडणाऱ्या माणसाला वाचवते. काठावर आणल्यावर तो घरी बायकोशी काय करतो ते तिला कळतं. ती त्याला परत पाण्यात टाकते. पाणी कमरेएवढंच होतं, हे ती पुढच्या पानावर सांगते.

माझी बोट चुकली.

तिसऱ्या पुस्तकात ती दुसऱ्या बाईच्या पिंजऱ्यातले खेकडे चोरते. पाचव्यात खोटी साक्ष देते. एका मुलीला वाचवायला देते, पण त्यात एक निर्दोष माणूस अडकतो. त्याचं पुढे काय झालं ते कुठल्याच पुस्तकात नाही. मी विचारलं होतं. सुचिताताई म्हणाली, "खाजणीला तरी कुठे माहितीये?"

पुढे मी अलिबागला मराठी साहित्य घेऊन बीए केलं. परत आले ते बरेच शब्द घेऊन.

गेल्या फेब्रुवारीत पंचायतीला पत्र आलं. गावातल्या एका भिंतीवर महिला सक्षमीकरणाचं चित्र काढून घ्यावं. आठ मार्चपर्यंत. आमच्या गावाची मोठी भिंत एकच. भाताच्या गोदामाची. ती रस्त्याला लागून आहे. सुट्टीच्या दिवशी फेरीला जाणाऱ्या गाड्यांची रांग तिथपर्यंत येते.

सरपंच मृणालवहिनी. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून उभ्या राहिल्या. त्यांचा फोन त्यांचे यजमान राहुलदादा उचलतात. वहिनींनी सुचिताताईला विचारलं. ताई म्हणाली, आठ चौकटी काढीन. खाजणीच्या. वहिनींनी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "छान. आपल्या भागातली आहे."

पहिल्या पाच चौकटींना कुणी काही म्हणालं नाही. खाजणी चिखलातून येते. खाजणी खेकडा धरते. खाजणी गावात येते, शेत कसायला लागते. मुलं थांबून बघायची. गाडीतले लोक फोटो काढायचे.

सहाव्या चौकटीत बांध होता.

आमची शेतं खाडीच्या भरतीच्या पातळीखाली आहेत. त्यांना खार म्हणतात. खाडी आणि खार यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी तिथून बाहेर जातं. भरती आली की झडप आपोआप मिटते. दर उन्हाळ्यात गाव मिळून बांध भरतं. प्रत्येक घराने गडी द्यायचा. या पद्धतीला जोळ म्हणतात. पूर्वी जोळाच्या वहीत दोन बायका म्हणजे एक गडी असं लिहायचे. चिखलाचं ओझं तेवढंच. नाव अर्धं.

सहाव्या चौकटीत एक माणूस वहीत लिहितोय. समोर खाजणी उभी आहे. तिचं फक्त डावं अंग रंगवलेलं आहे. उजवीकडे नुसता पांढरा चुना.

सातव्या चौकटीत खाजणी पूर्ण आहे. कमरेला काथ्याचा दोर बांधलाय. मागे रेलून, सगळं वजन टाकून ती उघाडीची झडप वर ओढतेय. खाडी अजून खाली आहे. शेतात कोवळं भात आहे.

ज्या दिवशी ही चौकट पुरी झाली, त्याच दिवशी रंगूबाय आली.

रंगूबाय बासष्ट वर्षांची. एकटी राहते. गावात तिच्याशी कुणी वाद घालत नाही, कारण ती वाद घालत नाही. ती चुन्याची बादली घेऊन आली. सातव्या चौकटीखाली ठेवली.

"पुस," ती म्हणाली.

सुचिताताई तिच्या हातांकडे बघत राहिली.

"का?"

"गावाच्या पोटात खारं पानी घालनारी बाई. ही काय दाखवायची चीज हाय?"

ताईने कानावरचा ब्रश काढला आणि तिच्यापुढे धरला. "तुम्हीच पुसा."

रंगूबायने ब्रश घेतला नाही. बादली तिथेच ठेवून ती निघून गेली. बादलीवर ताईने एक पत्रा झाकला. चुना वाळू नये म्हणून.

दोन दिवसांत गावात दोन बाजू झाल्या. बहुतेक लोक रंगूबायच्या बाजूने. रंगूबायची तरी चूक काय? एक्क्याण्णव साली खरोखरच झडप उघडी राहिली होती. गटारीच्या अमावस्येचं उधाण थेट खारीत शिरलं होतं. झडप खाली धरणारा दोर तुटला, असं सगळे सांगतात. तीन पावसाळे भात झालं नाही. रंगूबायचा नवरा तेव्हा मुंबईला गेला, पगारासाठी. तो तिकडेच राहिला. तिकडे त्याने दुसरं घर केलं.

मृणालवहिनींनी महिला ग्रामसभा बोलावली. मला म्हणाल्या, "प्राप्ती, तू शिकलेली आहेस. ही खाजणी स्त्रीवादी आहे की नाही, तेवढं लिहून आण. एका पानात. म्हणजे मला ठरवता येईल."

मी सव्वा पान लिहिलं.

सभेच्या आदल्या दिवशी ते घेऊन जेट्टीवर गेले. सुचिताताई एका होडीवर नाव घालत होती. मी वाचून दाखवलं. खाजणीवर अन्याय झाला हे खरं. पण तिची कृती वैयक्तिक रागातून आलेली आहे. तिने इतर बायकांना बरोबर घेतलं नाही. उलट त्याच बायकांची शेतं बुडवली. तिला पश्चात्ताप नाही. म्हणून तिला स्त्रीवादी म्हणता येणार नाही.

"छान," ताई म्हणाली. "वाक्यं छोटी आहेत."

"ताई, मी मत विचारतेय."

"मग नको विचारू."

मी पान पुन्हा वरून खाली वाचलं. मग म्हणाले, "तिने निदान एकदा सगळ्यांना विचारलं असतं तर?"

"म्हणजे राग यायच्या आधी सही-शिक्का घ्यायचा."

"तसं नाही."

"तसंच. तू तिला दाखला देतेयस. रहिवासी दाखला देतात तसा. या या अटी, मग ही बाई अमुक."

"मग ती चांगली आहे का?"

"नाही गं. वाईटच वागली. रंगूबायचं घर मोडलं की."

"खाजणीने मोडलं? ही तर गोष्ट आहे."

ताईने शेवटच्या अक्षराची रेघ ओढली.

"ती चांगली नाही, तर भिंतीवर का काढायची?" मी विचारलं.

"ती होती म्हणून."

मला वाटलं, हे कलावंताचं बोलणं आहे. मी ते माझ्या पानाच्या तळाशी लिहूनही घेतलं.

"उद्या पुसा म्हणाले तर?" मी म्हणाले.

"पुसीन. पण सगळी भिंत. सातवी काढून बाकीच्या ठेवणार नाही. आणि दोरीवरची पुस्तकंही उतरवीन." ती ब्रश धूत होती. "आपल्याच गावातल्या बायकांना ती नको असेल, तर मी कुणासाठी काढतेय? मग होड्या बऱ्या."

भोंगा वाजला. "हो, ऐकलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभा गोदामातच भरली. महिला ग्रामसभेला एरवी नऊ-दहा जणी येतात. त्या दिवशी त्रेचाळीस आल्या. भाताच्या कोंड्याचा वास होता. राहुलदादा दारात उभे होते. हातात वहिनींचा फोन.

अंगणवाडीच्या पूनममावशी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली.

"राहुलभाऊ, तुमी हितं कसं?"

"मी सरपंचांचा..."

"ते ठाव हाय. लग्नाला आमी जेवलोय. पन सभा महिलांची हाय. तुमी महिला हाव का?"

राहुलदादा बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसले.

वहिनींनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. सव्वा पान फार लांब वाटलं.

"आता ते स्त्रीवादी म्हंजे काय, ते सांग," पूनममावशी म्हणाल्या.

मी सांगितलं. बाईला माणूस म्हणून पूर्ण हक्क असावा, असं मानणारी आणि त्यासाठी झटणारी व्यक्ती.

"मंग आमी हाव का?"

"असाल. म्हणजे... असायला हरकत नाही."

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं. "हरकत न्हाय म्हनते. आपल्याला परवानगी मिळाली."

सगळ्या हसल्या. मीही हसले. कान मात्र गरम झाले.

"ती खेकडे चोरते," एकीने मुद्दा काढला. "तिसऱ्या पुस्तकात. पोरांनी काय शिकायचं?"

"तुझ्या सासूच्या पिंजऱ्यातून तू कधी काढला न्हायस?"

"सासूचा म्हंजे आपलाच."

पुन्हा हसणं. ते संपायच्या आत रंगूबाय उठली. हसणं तिथेच थांबलं.

ती बोलायला लागली तेव्हा आवाज मोठा नव्हता.

"ही खाजनी-बिजनी कोन न्हाय. ही रखमा हाय."

रखमाआत्या म्हणजे अंबाजीकाकांची बहीण. सुचिताताईची आत्या. तरुणपणी विधवा झाली, भावाशेजारी राहिली, स्वतःची खार स्वतः लावली. नऊ वर्षांपूर्वी वारली.

"दोर तुटला, दोर तुटला, असं गाव म्हनतं," रंगूबाय म्हणाली. "दोर तुटला नव्हता. दोर बांधला व्हता. जोळाच्या वहीत ती अर्धी. तरी दर साली बांधाला यायची. त्या साली तिच्याच खारीचा बांध भरला न्हाय. गडी बोलले, अर्ध्या गड्याला अर्धा बांध. म्हनून तिनं झडप वढली. कमरंला दोर बांधून. सुचिताला हे कसं ठाव? रखमानं मरताना सांगितलं असनार. आनि मला ठाव हाय, कारन मी बघितलं."

मृणालवहिनी अर्ध्या उठल्या. "बघितलं? रंगूबाय, मग तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"गटारी व्हती. गडी सगळे आपल्या नादात. सकाळची ओहोटी. मी चिखलातनं शिवल्या-शिंपल्या काढून येत व्हते. ही बांधावर बसलेली आनि झडप वर. मी बोलले, रखमे, काय करतंस? ती बोलली, बसलंय. उधाण यायला चार तास व्हते."

 कुणी पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"चार तास ती हलली न्हाय. चार तास मी पन कुनाला बोलले न्हाय. घरी गेले. भाकऱ्या थापल्या."

"पण का?" हा आवाज माझा होता. मी विचारेन असं मला वाटलं नव्हतं.

"त्या उन्हाळ्यात मला सातवा लागलेला. पोट घेऊन चिखल वाहिला. वहीत अर्धी लिवली. दोन जीव, आनि अर्धी." तिने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, येऊ दे थोडं पानी. गड्यांचे पाय भिजू दे. थोडं न्हाय आलं."

 बाहेर रस्त्यावर फेरीच्या रांगेत एक गाडी हॉर्न वाजवत होती.

"माझा मालक गेला. जेवढे हातपाय धड व्हते तेवढे सगळे गेले मुंबईला. पुढल्या साली बांध भरायला गावात गडीच नव्हते. बायकाच. मंग वहीत अर्धं कुनाला लिवनार? तवापासून बाई म्हंजे आख्खी. तुमी आज आख्ख्या लिवल्या जाता, ते असं. कुनी दिलं न्हाय. तिनं वाईट केलं आनि त्यातून झालं. रखमा जित्ती असेपर्यंत दर उन्हाळ्यात माझा बांध आधी भरायची. मंग स्वतःचा. चुकलं असं कधी बोलली न्हाय. मी पन विचारलं न्हाय."

मी सुचिताताईकडे बघितलं. ती रंगूबायच्या हातांकडे बघत नव्हती. तोंडाकडे बघत होती. सरळ. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"मंग पुसायचं ना?" पूनममावशींनी हळूच विचारलं.

"न्हाय," रंगूबाय म्हणाली. "त्या दिशी पुस बोलले, ते माझंच झाकायला. पन सुचिते, तू अर्धंच काढलंस. झडप काढलीस. माझी खार न्हाय काढलीस. पांढरी झालेली. ती काढ. आनि मलाबी काढ. बांधावरनं बघून गेलेली. रखमा एकटीच कशाला भिंतीवर?"

"काढते," ताई म्हणाली. 

"बादलीतला चुना वापर. मिठाला तोच बरा."

मृणालवहिनी माझ्याकडे वळल्या. "प्राप्ती, मग आता काय लिहायचं? आहे की नाही?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तीन वर्षांत हे वाक्य मी एकाही उत्तरपत्रिकेत लिहिलं नव्हतं. बोलून झाल्यावर बरं वाटलं.

"तिला ठाव न्हाय तर आपन लिवू," पूनममावशी म्हणाल्या. "घ्या वही."

वहिनींनी इतिवृत्ताची वही उघडली. मग अर्धा तास एक एक शब्द ठरत गेला. कुणाला 'वाईट' हवं होतं, कुणाला नको होतं. शेवटी असं झालं:

'खाजणी ही चांगली बाई नाही, असे सभेचे मत आहे. तिने गावाचे नुकसान केले, हे सभेला मान्य आहे. तिच्यामुळे आम्ही पूर्ण मोजल्या जातो, हेही सभेला मान्य आहे. ती भिंतीवर राहील, असा सभेचा ठराव आहे.'

हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. दोघींच्या कडेवर मुलं होती. त्यांनी मुलांचेही हात वर केले. वहिनींनी मोजले आणि आकडा लिहिला. मुलं धरली नाहीत. प्रत्येक बाई एक.

बाहेर आल्यावर राहुलदादा मोटरसायकलवरून उतरले. "काय ठरलं?"

"भिंतीवर वाचा," वहिनी म्हणाल्या. हात पुढे केला. "आणि माझा फोन द्या."

त्यांनी दिला.

मी ताईला गाठलं. "आत्याने तुला सांगितलं होतं?"

"शेवटच्या आठवड्यात. म्हणाली, कुणाला सांगू नको. मी नाही सांगितलं."

"नऊ पुस्तकं काढलीस."

"काढली. सांगितलं नाही."

माझं सव्वा पान माझ्या हातात होतं. तळाशी मीच लिहिलेलं होतं. ती होती म्हणून. मी वरचा सगळा मजकूर फाडला. ती एक ओळ अजून माझ्याकडे आहे.

रविवारी ताईने आठवी चौकट घेतली. सकाळी सातलाच बायका येऊन बसल्या. कुणी खुर्ची आणली, कुणी चटई, कुणी चहा. ताईने चहा अर्धा प्याला. बादलीवरचा पत्रा काढला. चुना चांगला होता.

तिने शेत पांढरं केलं. नुसतं पांढरं नाही. चुन्यात थोडा करडा, थोडा निळा. वाळत आल्यावर बोटाने टिपलं. लांबून ते खरंच मीठ दिसायला लागलं. रंगूबाय पहिल्यांदा मागे उभी होती. मग पुढे आली. मग म्हणाली, "कोपऱ्यात अजून. तिथं जास्त साचलं व्हतं." ताईने कोपऱ्यात अजून लावलं.

दुपारपर्यंत फेरीची रांग भिंतीपर्यंत आली. एका पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ उतरले. टोपी, गळ्यात कॅमेरा. त्यांनी आठही चौकटी बघितल्या. परत पहिलीपासून बघितल्या.

"ही हिरॉईन कोण?" त्यांनी विचारलं. "चांगली आहे की वाईट?"

पूनममावशींनी चटई झटकली. "बोटीला वेळ हाय ना तुमच्या?"

"आहे, अर्धा तास."

"पुरनार न्हाय. पन बसा."

ते बसले. त्यांच्या मागची गाडीवाली बाई उतरली, तीही बसली. पूनममावशींनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. मध्येच दुसरीने ती ओढून घेतली, कारण पूनममावशी दोराचं विसरल्या होत्या. मग तिसरी म्हणाली, तसं नव्हतं. रांग पुढे सरकली तरी दोन गाड्या जागच्या हलल्या नाहीत. मागचे हॉर्न वाजवत होते. जेट्टीवर बोटीचा भोंगा झाला.

"हो, ऐकलं," शिडीवरून ताई म्हणाली.

त्या गृहस्थांची बोट चुकली. मला फार आनंद झाला.

आठ मार्चला ठराव भिंतीच्या तळाशी रंगवून झाला होता. काळ्या रंगात, होडीच्या नावासारखी जाड अक्षरं. मृणालवहिनींनी तो मोठ्याने वाचला. तपासायला आलेल्या साहेबांनी 'चांगली बाई नाही' या शब्दांपाशी मान तिरकी केली. वहिनी म्हणाल्या, "सभेचा ठराव आहे साहेब. बदलायचा तर सभाच बोलवावी लागेल. त्रेचाळीस जणी आहेत." साहेबांनी फोटो काढला.

दोरीवर आता दहावं पुस्तक टांगलंय. ते घ्यायला दिघीहून मुली येतात. परवा जेट्टीवर दोघी जणी भांडत होत्या. एक म्हणत होती, खाजणीने चार तासांत एकदा तरी विचार बदलायला हवा होता. दुसरी म्हणत होती, तू असतीस तर? मी मध्ये पडले नाही.

नारळ कुणी फोडायचा, यावरून मात्र बरेच दिवस वाद झाला. भिंतीचा मालक कोण? पंचायत म्हणावी तर वहिनी नको म्हणत. शेवटी बायकांनी नारळ रंगूबायच्या हातात दिला. तिने तो घेतला, आणि फोडला नाही. गोदामाच्या खिडकीत ठेवला. अजून तिथेच आहे.

कारण आठवी चौकट भरायची वेळ आलेली नाही.

पांढरं शेत आहे. मागे बांध आहे. बांधावर शिवल्यांची टोपली घेतलेली एक बाई आहे. तिचं लुगडं आहे, टोपलीतून गळणारं पाणी आहे, चिखलाने भरलेले पाय आहेत. हात तर ताईने इतके नेमके काढलेत की लांबूनही ते रंगूबायचेच कळतात. मान वळलेली आहे, उघाडीकडे. तोंडाच्या जागी नुसती रेघ आहे. आत काही नाही.

त्या रविवारी ताई शिडीवर ब्रश घेऊन थांबली होती. "रंगूबाय, तेव्हा तुमचं तोंड कसं होतं? हसत होतात? भ्याला होतात?"

रंगूबायने भिंतीवरची रेघ न्याहाळली. "आज खोटं सांगता यील," ती म्हणाली. "पन तवा मी काय तोंड केलेलं, ते मला ठाव न्हाय. आठवलं की सांगते. तोवर भरू नको."

ताईने ब्रश कानावर खोचला आणि खाली उतरली.

हल्ली ती दिघीच्या बाजूला कामाला जाते. होड्या खूप आल्या आहेत. सकाळी जाताना गोदामापाशी थांबते. रंगूबाय ओट्यावर बसलेली असते.

"आठवलं?"

"न्हाय अजून."

ताई फेरी गाठायला निघून जाते. त्या तोंडासाठी मिसळलेला रंग तिने एका वाटीत ठेवलाय. वर ओलं फडकं. रोज संध्याकाळी परत आली की ती ते फडकं भिजवते.